पद्मपुराण (जैन)

पद्मपुराण (जैन) : रामकथेचे जैन परंपरेतील सर्वांत विख्यात संस्कृत पुराण. पद्मचरित असेही त्याचे नाव आहे. ‘पद्म’ हे रामाचे जैन नाव असून त्याचा वैष्णव परंपरेतील अठरा महापुराणांपैकी पद्मपुराणाशी संबंध नाही. आचार्य रविषेण याने इ. स. च्या सातव्या शतकात हा ग्रंथ रचला. वाल्मीकीच्या महाकाव्यातील पात्रे व कथेचा स्थूल आराखडा कायम ठेवून, अहिंसा व कर्मसिद्धांत ह्यांच्या अनुरोधाने त्यात संपूर्ण रामचरित्राची फेरमांडणी केलेली आहे. दक्षिण महाराष्ट्रातील, विशेषतः कोल्हापूर, सांगली व लगतच्या बेळगाव भागातील दिगंबर जैन समाजात रामकथा धर्मग्रंथ म्हणून मान्य झाली, ती प्रामुख्याने ह्या परंपरेतून.

कर्ता व काळ : रविषेणाने आपल्या ग्रंथात इंद्र, दिवाकरयती, अर्हन्मुनी व लक्ष्मणसेन अशी गुरुपरंपरा दिली आहे. महावीराच्या निर्वाणानंतर 1,203 वर्षे व सहा महिने लोटल्यावर आपण हे चरित्र रचले, असे तो सांगतो. त्यावरून ग्रंथाचा काळ इ. स. 677 च्या सुमाराचा ठरतो. ग्रंथात 123 पर्वे असून श्लोकसंख्या सु. 18,000 मानली जाते. बहुतेक रचना अनुष्टुभ छंदात आहे आणि पर्वाच्या अखेरीस वृत्त बदलण्याची महाकाव्याची रीत कवीने पाळली आहे.

रविषेणापूर्वी विमलसूरी याने पउमचरिय हे 118 उद्देशांचे काव्य महाराष्ट्री प्राकृतात रचले होते. उपलब्ध जैन रामकथांत ते सर्वांत प्राचीन होय. विमलसूरीच्या स्वतःच्या कथनानुसार त्याचा काळ महावीराच्या निर्वाणानंतर 530 वर्षांचा, म्हणजे ख्रिस्ती शकाच्या आरंभाचा ठरतो. तथापि भाषेच्या व अन्य पुराव्यांच्या आधारे अनेक अभ्यासक तो तिसऱ्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यान नेतात. रविषेणाचा ग्रंथ कथानकात पउमचरियाशी बारकाईने जुळतो. त्यामुळे तो त्याचा विस्तृत संस्कृत अवतार आहे, असे सामान्यतः मानले जाते. उद्द्योतनसूरीच्या कुवलयमालेत (779) विमल व रविषेण ह्या दोघांचाही गौरव आढळतो. जिनसेनाच्या हरिवंशपुराणातही (783) रविषेणाची प्रशंसा आहे. रचनेनंतर शंभर-सव्वाशे वर्षांतच हा ग्रंथ सर्वदूर मान्यता पावला होता, हे ह्यावरून दिसते.

पुनर्कथनाची भूमिका : ग्रंथाचा आरंभ एका शंकेने होतो. मगधाचा राजा श्रेणिक महावीराचा प्रमुख शिष्य गौतम गणधर याच्याकडे जातो आणि लोकप्रचलित रामकथेविषयी आपले संशय मांडतो. बलाढ्य राक्षसांना वानरांनी कसे जिंकले? रावणासारखा कुलीन व विद्यावंत राजा मांसभक्षक कसा असेल? कुंभकर्ण सहा महिने झोपून कसा राहील? ह्या प्रश्नांना उत्तर म्हणून गौतम सर्व कथा सांगतो. अर्थात, प्रचलित कथा श्रोत्यांना पूर्णपणे ठाऊक आहे, हे ह्या मांडणीत गृहीत धरलेले आहे. नवी कथा रचण्याचा दावा येथे नाही. कवींनी विपर्यस्त केलेला मूळ वृत्तांत पूर्ववत सांगितल्याचा दावा आहे.

जैन पुराणांत त्रेसष्ट शलाकापुरुषांची कल्पना आहे : 24 तीर्थंकर, 12 चक्रवर्ती, 9 बलभद्र, 9 नारायण व 9 प्रतिनारायण. प्रत्येक पर्यायात बलभद्र व नारायण हे सावत्र बंधू असतात आणि प्रतिनारायण हा त्यांचा प्रतिस्पर्धी असतो. राम, लक्ष्मण व रावण हे अनुक्रमे आठवे बलभद्र, नारायण व प्रतिनारायण होत. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत ह्यांच्या तीर्थकाळात ते झाले. नववे त्रिकूट बलराम, कृष्ण व जरासंध ह्यांचे असून ते बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ ह्यांचे समकालीन. अशा रीतीने रामायण व महाभारत ह्या दोन्ही महाकाव्यांना जैन विश्वेतिहासाच्या एकाच चौकटीत स्थान मिळाले.

ह्या चौकटीचा एक परिणाम निर्णायक आहे. प्रतिनारायणाचा वध नेहमी नारायणाच्याच हातून होतो आणि वध करणाऱ्याला कर्मबंधनामुळे नरकगती चुकत नाही. बलभद्र मात्र अखेरीस दीक्षा घेऊन मोक्षाचा वा उच्च स्वर्गाचा अधिकारी होतो. म्हणून पद्मपुराणात रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. युद्ध न्याय्य असले, तरी हिंसेचे फळ टळत नाही, हा सिद्धांत येथे कथेच्या मध्यबिंदूवर येऊन उभा राहतो.

कथानक : पहिली सु. वीस पर्वे रामाविषयी नसून राक्षस व वानर ह्या वंशांविषयी आहेत. हे दोन्ही वंश विद्याधरांचे, म्हणजे विद्यांच्या बळावर आकाशगमनादी सामर्थ्य मिळविलेल्या मानवांचे. वानरवंशीयांच्या ध्वजावर व मुकुटावर वानराचे चिन्ह असे, म्हणून त्यांना ते नाव पडले. रावणाला दहा तोंडे नव्हती. बालपणी गळ्यात घातलेल्या हारातील नऊ रत्नांत त्याच्या मुखाची प्रतिबिंबे उमटली, म्हणून तो दशानन म्हणविला गेला. हनुमान हा अंजना व पवनंजय ह्यांचा पुत्र. निरपराध असूनही कलंक लागलेल्या अंजनेची कथा ह्या भागातील अत्यंत करुण उपाख्यान असून सीतेच्या त्यागाची ती जणू पूर्वसूचना होय.

रावणाचे चित्रण हे ह्या पुराणाचे वैशिष्ट्य. तो जिनभक्त, विद्यासंपन्न व उदार राजा आहे. वाल्मीकीच्या कथेत यज्ञविध्वंस हे राक्षसांचे पाप. येथे मरुत्वान राजाचा पशुयज्ञ रावण थांबवितो व ते पुण्यकृत्य ठरते. ह्याच संदर्भात नारद, पर्वत व वसू ह्यांच्या वादाची कथा येते. यज्ञवचनातील ‘अज’ ह्या शब्दाचा अर्थ पुन्हा न उगवणारे जुने धान्य की बोकड, असा तो वाद. बोकडाचा अर्थ खरा ठरविण्यासाठी खोटी साक्ष देणारा वसू राजा अधोगतीला जातो. रावणाच्या चांगुलपणाला मर्यादा पडते ती दोन ठिकाणी : अहंकार व कामवासना. राज्य सोडून मुनी झालेला वाली ज्या कैलास पर्वतावर ध्यानस्थ असतो, तो पर्वत रावण रागाने उचलतो; मंदिरांच्या व जिवांच्या रक्षणासाठी वाली अंगठ्याने पर्वत दाबतो आणि रावण आक्रोश करतो. वाली असा पूर्वीच विरक्त झाल्यामुळे रामाने त्याला आडून मारल्याचा प्रसंग ह्या कथेत नाही. सुग्रीवाला छळणारा त्याचे रूप घेतलेला साहसगती नामक विद्याधर असून राम त्याला समोरासमोर पराभूत करून मारतो.

कैकेयीच्या वराचे कारणही बदललेले आहे. दशरथ दीक्षा घेण्यास निघतो आणि भरतही त्याच्या मागे जाऊ पाहतो. पती व पुत्र दोघेही एकाच वेळी दुरावणार, ह्या भयाने कैकेयी भरतासाठी राज्य मागते. राज्यभार पडला की तो घरात राहील, एवढाच तिचा हेतू असतो. भरताच्या राज्याला आपल्या सान्निध्याने बाध येऊ नये म्हणून राम आपण होऊन वनात जातो.

वनातील कांचनमृगाचा प्रसंग येथे गाळलेला आहे. रावणाची बहीण चंद्रनखा हिचा पुत्र शंबूक सूर्यहास खड्ग मिळविण्यासाठी वेळूच्या बेटात तप करीत असतो. प्रकट झालेले खड्ग लक्ष्मण सहज उचलतो आणि त्याची धार पाहण्यासाठी वेळूंवर घाव घालतो. त्यात नकळत शंबूकाचा शिरच्छेद होतो. पुढील सर्व अनर्थ ह्या अजाणता घडलेल्या हिंसेतून उद्भवतो. चंद्रनखेचा पती खरदूषण ह्याच्याशी लक्ष्मणाचे युद्ध जुंपले असता रावण सिंहनादाची खोटी खूण करून रामाला दूर नेतो व सीतेचे हरण करतो. नाखूश स्त्रीचा उपभोग न घेण्याचे व्रत त्याने एका केवली मुनीपुढे घेतलेले असते व ते तो शेवटपर्यंत पाळतो. सीतेची निष्ठा पाहून त्याला पश्चात्तापही होतो. परंतु आता तिला परत केले, तर लोक आपल्याला दुर्बल म्हणतील, म्हणून आधी राम-लक्ष्मणांना जिंकावे व नंतर सन्मानाने तिला परत द्यावे, असे तो ठरवितो. त्याचा नाश होतो तो ह्या मानापायी. युद्धात त्याने फेकलेले चक्र लक्ष्मणाच्या हाती स्थिर होते व त्याच चक्राने लक्ष्मण त्याचा वध करतो. कुंभकर्ण व इंद्रजित मारले जात नाहीत; बंधमुक्त झाल्यावर ते दीक्षा घेतात. मंदोदरीही आर्यिका होते.

उत्तरचरित्र हा ग्रंथाचा सर्वांत गंभीर भाग होय. लोकापवादामुळे राम गर्भवती सीतेचा त्याग करतो आणि जिनमंदिरांच्या दर्शनाच्या मिषाने सेनापती कृतांतवक्त्र तिला अरण्यात सोडतो. लोकांच्या बोलण्यावरून मला टाकले, तसे त्यांच्या बोलण्यावरून धर्म टाकू नये, अशा आशयाचा निरोप सीता त्याच्याबरोबर पाठविते. पुंडरीकपुरचा राजा वज्रजंघ तिला बहीण मानून आश्रय देतो. अनंगलवण व मदनांकुश ह्या पुत्रांचे पित्याशी युद्ध होते, ओळख पटते आणि सीतेला अग्निदिव्य करावे लागते. अग्निकुंडाचे जलाशयात रूपांतर होते. राम क्षमा मागून तिला राणीपद देऊ करतो. सीता ते नाकारते, स्वहस्ते केशलोच करते आणि आर्यिकासंघात प्रवेश करते. वाल्मीकीची सीता भूमीच्या उदरात जाते; रविषेणाची सीता स्वतःचा मार्ग स्वतः निवडते, हा भेद महत्त्वाचा आहे.

पुढे लक्ष्मणाचा मृत्यू होतो. बंधुप्रेमाने व्याकुळ झालेला राम त्याचे शव सहा महिने खांद्यावर घेऊन हिंडतो. त्याला भानावर आणण्यासाठी देव खडकावर कमळे लावू पाहतात, तेलासाठी वाळू गाळतात. ही कृत्ये व्यर्थ आहेत असे राम म्हणतो, तेव्हा त्याला त्याचेच कृत्य दाखविले जाते. राम दीक्षा घेतो व अखेरीस मोक्षपदाला जातो. तपाने स्वर्गात प्रतींद्रपद पावलेला सीतेचा जीव नरकात जाऊन लक्ष्मण व रावण ह्यांच्या जिवांना धर्मोपदेश करतो. पुढील जन्मांत रावणाचा जीव तीर्थंकर होईल व सीतेचा जीव त्याचा गणधर होईल, ह्या भविष्यकथनाने ग्रंथ समाप्तीकडे येतो. अपहरण करणारा व अपहृता ह्यांचे नाते अंती गुरू व शिष्य असे होते. कोणताही जीव कायमचा दुष्ट नसतो, हे जैन तत्त्व ह्याहून ठळकपणे क्वचितच मांडले गेले असेल.

अन्य जैन रामकथा : जैन वाङ्मयात रामकथेचे दोन मुख्य प्रवाह आहेत. विमलसूरी व रविषेण ह्यांच्या प्रवाहात स्वयंभूचे अपभ्रंश पउमचरिउ, हेमचंद्राच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरिताचे सातवे पर्व आणि नागचंद्राचे कन्नड रामचंद्रचरितपुराण (सु. 1100, पंपरामायण ह्या नावानेही प्रसिद्ध) इ. ग्रंथ येतात. दुसरा प्रवाह गुणभद्राच्या उत्तरपुराणाचा (नववे शतक). त्यात दशरथ हा मूळचा वाराणसीचा राजा असून सीता ही रावण व मंदोदरी ह्यांचीच कन्या आहे. पित्याच्या नाशाला कारण होईल ह्या भाकितामुळे तिला पेटीत घालून मिथिलेच्या भूमीत पुरले जाते. पुष्पदंताने आपल्या अपभ्रंश महापुराणात (959–65) ह्या दुसऱ्या प्रवाहाचा अवलंब केला. लोकमान्यता मात्र पहिल्या प्रवाहालाच अधिक लाभली. जयपूरच्या दौलतरामाने 1766 च्या सुमारास केलेल्या पद्मपुराणाच्या हिंदी वचनिकेने ती उत्तर भारतात दृढ केली.

कोल्हापूर व महाराष्ट्र : कोल्हापूरच्या शिलाहारांच्या राजवटीत (अकरावे ते तेरावे शतक) करवीर परिसर हे जैन विद्येचे महत्त्वाचे केंद्र होते. गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण बसदी उभारली; ‘रूपनारायण’ हे गंडरादित्याचे बिरुद होते. ह्या बसदीचे आचार्य माघनंदी ह्यांचा व त्यांच्या शिष्यांचा उल्लेख शिलालेखांत येतो. त्यांत विजयादित्याच्या कारकीर्दीतील 1143 चा कोल्हापूर लेख विशेष उल्लेखनीय असून कोल्हापूरला तेथे ‘क्षुल्लकपुर’ असे म्हटले आहे. दुसऱ्या भोजाच्या काळी सोमदेवाने शब्दार्णवचंद्रिका हा व्याकरणग्रंथ आजरे येथे 1205 मध्ये पूर्ण केला. महाकाव्याच्या पुनर्कथनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा कवी कर्णपार्य होय. विजयादित्याचा मंत्री लक्ष्म याच्या आश्रयाने त्याने कन्नडमध्ये नेमिनाथपुराण हे चंपूकाव्य रचले. त्यात नेमिनाथांच्या चरित्राबरोबर कृष्णकथा व भारतकथाही जैन दृष्टीने आलेली आहे. राजे महालक्ष्मीचे उपासक, त्यांचे सामंत व मंत्री जिनभक्त आणि लेखांची भाषा संस्कृत व कन्नड, अशा ह्या संमिश्र वातावरणात एकाच महाकाव्याची दोन धर्मांतील कथने शेजारीशेजारी नांदत होती.

मराठीत ही परंपरा गुणकीर्ती ह्या जैन कवीने पंधराव्या शतकाच्या सुमारास आणली. त्याचे ओवीबद्ध पद्मपुराण अपुरे राहिले व पुढे चिंतामणी ह्या कवीने त्यात भर घातली. एकनाथांचे भावार्थरामायण व श्रीधराचा रामविजय ह्यांच्याशी तुलना केल्यास भाषा व छंद समान, परंतु कथेचा अर्थ भिन्न, असे दृश्य दिसते. ह्या मराठी जैन वाङ्मयाचा पद्धतशीर शोध विद्याधर जोहरापूरकर, सुभाषचंद्र अक्कोळे आदी संशोधकांनी घेतला.

ग्रंथातील स्थळांची ओळख महाराष्ट्रातील तीर्थक्षेत्रांशी जोडली गेली आहे. वनवासात राम व लक्ष्मण वंशगिरीवर देशभूषण व कुलभूषण ह्या दोन मुनींवरील उपसर्ग दूर करतात व त्यांना केवलज्ञान होते, असा प्रसंग पुराणात आहे. ह्या मुनींचे निर्वाणस्थान म्हणून धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील कुंथलगिरी पूज्य मानले जाते. कोल्हापूर-बेळगाव सीमाभागात जन्मलेले विसाव्या शतकातील आद्य दिगंबर आचार्य शांतिसागर ह्यांनी 1955 मध्ये येथेच सल्लेखना व्रताने देह ठेवला. राम, हनुमान, सुग्रीव आदींचे मोक्षस्थान म्हणून नासिक जिल्ह्यातील मांगी-तुंगीची ख्याती आहे. अयोध्या व लंका ह्यांच्याइतकीच ही स्थाने येथील जैन श्रोत्याच्या रामकथेचा भाग होत. चातुर्मासात व भाद्रपदातील दशलक्षण पर्वात मंदिरांतून पुराणवाचन करण्याची प्रथा असून ग्रंथाचे धार्मिक स्थान तीमुळे टिकून राहिले.

संपादन व संशोधन : हेर्मान याकोबी ह्यांनी संपादिलेली पउमचरियाची आवृत्ती 1914 मध्ये भावनगर येथे निघाली आणि जैन रामकथेच्या आधुनिक अभ्यासाचा पाया घातला गेला. रविषेणाचा ग्रंथ प्रथम मुंबईच्या माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमालेत व नंतर पन्नालाल जैन ह्यांच्या हिंदी अनुवादासह भारतीय ज्ञानपीठाच्या मूर्तिदेवी ग्रंथमालेत तीन भागांत (1958–59) प्रसिद्ध झाला. ह्या ग्रंथमालेचे प्रधान संपादक हीरालाल जैन व आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये (1906–75) हे होते. उपाध्ये ह्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात 1930 ते 1962 ह्या काळात अर्धमागधीचे अध्यापन केले. कुवलयमालेची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती (दोन भाग, 1959 व 1970) विमलसूरी व रविषेण ह्यांच्या कालनिर्णयास उपयोगी पडणारे साधन आहे. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन भट्टारक मठासारख्या संस्थांनी जतन केलेल्या हस्तलिखितांचेही ह्या संशोधनास साहाय्य झाले. फादर कामिल बुल्के ह्यांचा रामकथा : उत्पत्ति और विकास (1950) हा हिंदी ग्रंथ आणि वि. म. कुलकर्णी ह्यांचा जैन साहित्यातील रामकथेवरील इंग्रजी प्रबंध (1990) ह्यांत जैन प्रवाहांची सविस्तर चिकित्सा आढळते.

मूल्यमापन : जैन रामकथा ही मूळ कथेची सांप्रदायिक मोडतोड होय, असे मत काही काळ प्रचलित होते. ग्रंथात खंडनाचा अभिनिवेश आहे, हे खरे. पूर्वजन्मांच्या लांब वृत्तांतांनी व उपदेशपर प्रकरणांनी कथेचा ओघही जागोजाग मंदावतो. नायकांना हजारो राण्या देणारी पुराणशैली आजच्या वाचकास कृत्रिम वाटते. तथापि केवळ मोडतोड म्हटल्याने ग्रंथाचा उलगडा होत नाही. वालिवध, सीतात्याग, राक्षसांचा सरसकट संहार, ही वाल्मीकीच्या कथेतील स्थळे नंतरच्या बहुतेक रामकथाकारांना अडचणीची वाटली आहेत. भक्तिपर रामायणांनी ती रामाच्या ईश्वरत्वाचा आधार घेऊन सोडविली. विमलसूरी व रविषेण ह्यांना तो आधार उपलब्ध नव्हता, कारण त्यांचा राम मनुष्य आहे व मनुष्य म्हणूनच त्याला मुक्त व्हायचे आहे. म्हणून त्यांनी वालीला मुनी केले, राक्षसांना माणूस केले आणि शस्त्र लक्ष्मणाच्या हाती दिले. सीतात्यागाचा दोष मात्र त्यांनी झाकला नाही. तो राहू देऊन सीतेला नकार देण्याचा अधिकार दिला.

वाल्मीकीच्या कथेत अधर्माचा पराभव कसा होतो, ह्याला प्राधान्य आहे. पद्मपुराणात विजयी झालेल्याचे पुढे काय होते, हा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर कठोर आहे : जिंकणारा व हरणारा एकाच नरकात भेटतात आणि तेथूनही मुक्तीचा मार्ग दोघांना सारखाच मोकळा असतो. रामकथा ही कोणा एका पंथाची मालमत्ता नसून भारतीय समाजाने आपले नैतिक प्रश्न ज्या भाषेत विचारले अशी ती एक समाईक भाषा आहे, ह्या निष्कर्षाला पद्मपुराणाइतका भक्कम आधार देणारे ग्रंथ थोडेच आहेत.